खांड कधी बुजवायची

तू गेलीस तेव्हा खालच्या बांधाची खांड उघडी होती आणि पाणी वाहत होतं. घरात माणसं जमली होती. कोणी रडत होतं, कोणी तुझ्या भावाला मुरबाडला फोन लावत होतं, आणि माझ्या डोक्यात एवढंच घोळत होतं की खांड कधी बुजवायची ते तू सांगितलं नाहीस. त्या वेळी हे मी कोणाला बोलून दाखवलं असतं तर लोकांना वाटलं असतं, याचं डोकं फिरलं. म्हणून इतके दिवस गप्प राहिलो. आता तुलाच सांगतो.

हे दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं तर त्यालाही कळावं, म्हणून तुला ठाऊक असलेलं थोडं लिहितो. सापगावच्या अंगाला आपली थोडी शेती आहे. तिच्यात सगळ्यात खाली एक पाणथळ. मधोमध लव्हाळे आणि उभं पाणी, कडेने उशिरा पिकणारं गरवं भात. पावसाळ्यात जास्तीचं पाणी निघून जावं म्हणून बांधाला हातभर रुंदीची वाट ठेवतात, ती खांड. पाऊस सरत आला की चिखल आणि काट्या घालून ती बुजवायची, म्हणजे राहिलेलं पाणी थांबतं, जमिनीत ओल राहते आणि भात कापल्यावर त्या ओलीवर वाल होतात. लवकर बुजवली आणि मागून पाऊस आला तर भात पाण्यात लोळतं. उशीर केला तर पाणी निघून गेलेलं असतं, वालही नाहीत आणि पाणथळही नाही. शेतीतलं एवढं एकच काम असं होतं, की ज्यावरून आपलं पंचवीस वर्षं भांडण झालं.

पहिलं भांडण मला नीट आठवतं. लग्नानंतरचं पहिलंच नवरात्र. आमच्या घरची रीत अशी, की घटस्थापनेच्या सकाळी घटासाठी माती पाणथळीतून आणायची आणि त्याच वेळी खांड बुजवून यायची. माझे वडील तसंच करत आले. मी फावडं घेऊन उतरलो, तू माती न्यायला टोपली घेऊन मागून आलीस. बांधावर वाकून काहीतरी बघितलंस आणि म्हणालीस, "आज नका बुजवू. मुठे अजून उघडे हायेत."

तुझ्या माहेरी मुरबाडकडे ही खूण होती. भातातले खेकडे, म्हणजे मुठे, पाणी उतरणीला लागलं की आपल्या बिळाचं दार चिखलाने लिंपून घेतात. मुठ्यांनी दार लावलं की माणसाने खांड लावायची.

मी म्हणालो, "मुठ्यांना नवरात्र कळत नाय."

"तुमाला तरी पाऊस कुठं कळतो? पडून गेल्यावर मोजता."

मी भातसानगरला धरणावर नोकरीला. पाऊस किती पडला, पाणी किती चढलं, याच्या नोंदी ठेवणं हे माझं काम. चिडवायला ते तुला तेव्हा सापडलं आणि पुढे कधी सुटलं नाही. पाहुण्यांपुढेसुद्धा सांगायचीस, "यांचं काम काय, तर ताट वाढून झालं की भाकरी मोजायच्या."

त्या वर्षी मी रीतीप्रमाणे बुजवली आणि काही बिघडलं नाही. बांधावरचे मुठेही त्याच आठवड्यात बंद झाले. तू म्हणालीस, बघा. मी म्हणालो, काय बघा, मी आधी बुजवली. तेव्हा पैज ठरली: ज्याचा अंदाज चुकेल त्याने वाल सोलायचे. भिजवून मोड आणलेले वाल एकेक करून सोलायला बसलं की माणसाची कंबर मोडते. पण नव्वदच्या सालांपर्यंत ही पैज बहुतेक बरोबरीतच सुटायची. तुझे मुठे आणि माझी घटस्थापना मागेपुढे चालायचे. नवरात्र कधी अधिक महिन्यामुळे पुढे सरकायचं, तरी फार अंतर पडायचं नाही. मग दोघं समोरासमोर बसून सोलायचो. तुझा ढीग मोठा आणि माझा छोटा, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं.

तू आलीस तेव्हा पाणथळीत लव्हाळे होते, पाणकोंबड्या होत्या, पण पाण्यावर पसरते ती नाळीची भाजी नव्हती. तिच्याशिवाय तुझं चालेना. तुझ्या माहेरच्या तळ्यात ती एवढी माजलेली असायची, की तुझी आई म्हणायची, "काय गो, सासरी भाजी मिळत नाय का? पाणी बघून पोर दिली आमी." मग तू वेल आणलेस, ओल्या गोणपाटात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन. पाणी गळून शेजारच्या माणसाचा पायजमा भिजला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, तळ्याचं तिकीट काढलं का?" तू म्हणालीस, "काढते की, अर्धं. अजून लहान हाय." सगळी गाडी हसली. मी खिडकीतून बाहेर बघत होतो, जसा काही तुझा नवराच नव्हतो. नाळ लागली, पसरली, पुढची कित्येक वर्षं आपल्या ताटात राहिली. मी तिला एकदाही चांगली म्हणालो नाही. आता म्हणतो, चांगली व्हायची.

नंतर कधीतरी तुझे मुठे आणि माझी घटस्थापना यांची फारकत व्हायला लागली. नक्की कोणत्या वर्षापासून, ते मला सांगता येत नाही. हे मी मोजलेलं नाही आणि मोजायला हवं होतं, हे तेव्हा कळलंही नाही. पाऊस मोजला जात होता. मुठ्यांनी दार कधी लावलं, हे कोण लिहून ठेवणार? एखाद्या वर्षी ऐन भाद्रपदात उघडीप पडायची, चटके बसायचे, मुठे दारं लिंपून आत बसायचे आणि घटस्थापना अजून लांब असायची. एखाद्या वर्षी घट बसून उठले तरी पाऊस थांबायचा नाही आणि बिळं उघडीच.

मी तुला म्हणायचो, वर्षाची बेरीज बघ, फारशी बदललेली नाही. माझ्या नोंदींपुरतं ते खरं होतं, आजही त्यावर ठाम आहे. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "आठवड्याचं जेवण एकाच दिवशी वाढलं आणि बाकीचे दिवस उपास काढला, तरी बेरीज बरोबरच येते ना?"

"तवा तापलाय," असं काहीतरी मी म्हणालो.

दोन हजार पाचच्या जुलैत जो पाऊस झाला, तो साऱ्या ठाणे जिल्ह्याला ठाऊक आहे. आपल्या पाणथळीचा बांधच गेला, खांड कुठे होती तेही ओळखू येईना. वरच्या शेतांतली माती वाहून खाली आली, पाणथळ वीतभर उथळ झाली आणि नाळ गाळाखाली गेली. बांध घालून झाल्यावर आपण वेल आणायला मुरबाडला गेलो. तळं होतं त्या जागी कडेला ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडल्या होत्या, मध्ये डबकं उरलं होतं आणि त्यात म्हशी. तुझा भाऊ म्हणाला, "पाऊस लागला की भरतं ताई, पण होळीपर्यंत काय ऱ्हात नाय आता." सगळंच पावसावर ढकलणं बरोबर नाही. वरच्या अंगाला माती काढली होती, आजूबाजूला बोअर झाल्या होत्या. हे मी तिथेच बोलून दाखवलं, कारण कारणं पूर्ण मांडावीत असं मला वाटतं. डबक्याच्या कडेला चार वेल मिळाले, ते तू उपटलेस, पदरात घेतलेस. परत येताना एसटीत म्हणालीस, "इथले मुठे कुठं गेले असतील?"

त्या वेळी तुझा हात धरायला हवा होता, असं आता लिहिताना वाटतं. पण एसटीत आपल्याकडे कोणी बायकोचा हात धरत नाही.

त्यानंतरचं एक वर्ष तुझं वाईट गेलं. मुठ्यांनी लवकर दारं लिंपली. तू मला बांधावर नेऊन दाखवलंस, मीही पाहिलं, एकूण एक बंद. तू स्वतः खांड बुजवलीस. आणि मग परतीचा पाऊस असा आला, की गरवं भात आडवं झालं आणि लोंब्यांना जागच्या जागी मोड आले. तू खांड फोडलीस, पण उशीर झाला होता, आणि फोडल्यामुळे पुढे पाणीही थांबलं नाही. दोन्ही गेलं. तू बांधावर बसून होतीस. मी जवळ गेलो तर म्हणालीस, "माझं चुकलं असतं तर चाललं असतं. मुठे कसे चुकले?"

पैज मी जिंकलो होतो, पण सोलायला वालच नव्हते. त्यानंतर आपण पैज लावली नाही. लावायची नाही असं दोघांपैकी कोणी म्हणालं नाही, पण लावली नाही. भांडण मात्र चालू राहिलं, आणि त्यातही मजा उरली नव्हती. आधी दोघांनाही आपलं बरोबर आहे असं वाटायचं. आता दोघांनाही आपण चुकणार अशी भीती वाटायची आणि त्या भीतीनेच आवाज चढायचा.

दिनेशने हे सगळं बघितलं. आपला मुलगा आटगावकडे कारखान्यात जातो, पगार वेळेवर येतो, आणि शेताचं असं बेभरवशाचं काम त्याला पटत नाही. त्यात त्याचं चुकतं असं मी म्हणत नाही. "पाणथळीत मुरूम टाकू, भराव करू, वर पोल्ट्रीची शेड घालू," हे तो गेली दोन वर्षं म्हणत होता. तू ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "मी हाय तोवर नाय." हे वाक्य आपण सगळे किती सहज ऐकायचो.

यंदा पाऊस उशिरा आला. लावण्या रखडल्या. तू तोपर्यंत आजारपणाने ओटीवरची खाट धरली होतीस. खाटेवरून पाणथळ दिसत नाही, तरी रोज विचारायचीस, नाळ आली का, पाणी कुठवर आहे. मी काठी बुडवून मोजून येऊन सांगायचो. तू म्हणायचीस, "काठी नका सांगू, दगड सांगा." म्हणजे बांधाजवळच्या काळ्या दगडाचं पोट बुडालं की नाही. मग मी दगड सांगायला लागलो. आणि एक दिवस म्हणालीस, "यंदा खांड मी सांगीन तेव्हा बुजवा. तुमची घटस्थापना नको आणि माझे मुठे नकोत. मी बघते काय ते." मी विचारलं, मग कशावरून ठरवणार? तू डोळे मिटून हसलीस. तुझ्या मनात खरंच काही होतं, की मला गप्प करायला म्हणालीस, हे मला कळलेलं नाही. गौरी गेल्या आणि मागोमाग तू गेलीस.

तुझं दिवसकार्य झाल्यावर दिनेशने विषय काढला. पोराने आवाज चढवला नाही, तुझ्या फोटोकडे बघतही नव्हता. "बाबा, मी आता काय बोलत नाय. यंदा मार्गशीर्ष लागेपर्यंत पाणी टिकलं तर राहू दे. सुकली तर मुरूम टाकतो. तुमी एकटे किती करणार?" मी हो म्हणालो. त्याने मुदत घालून दिली, अट स्पष्ट होती, मला नाही म्हणण्यासारखं त्यात काही सापडलं नाही. म्हणजे तुझी पाणथळ राहणार की जाणार, ते खांडीवर आलं. आणि खांड कधी बुजवायची ते सांगणारं कोणी नव्हतं.

घटस्थापना आली. आपल्याकडे यंदा वर्षभर सण नाही, त्यामुळे घट बसणार नव्हता. सकाळी उठून मी माती आणायला निघालो आणि दारातच आठवलं. मग बांधावर नुसता जाऊन बसलो. शेजारच्या यमुनावहिनी टोपली घेऊन आल्या.

"भाऊजी, तुमच्या पाणथळीची माती नेते. चालंल ना? आमची भेगाळलीय."

"न्या की."

"खांड नाय बुजवली अजून? दरवर्षी आजच बुजवता."

"मुठ्यांची वाट बघतोय."

वहिनी हसल्या. "शेवटी तिचंच ऐकलंत." आणि मग पदर तोंडाला लावून माती भरत बसल्या.

मी खरोखरच मुठ्यांची वाट बघत होतो. बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. बिळं होती, पण बरीचशी जुनी, कोसळलेली, आत कोणी नसलेली. जी दोन-चार जिवंत वाटली त्यांत एक लिंपलेलं, एक उघडं, एक अर्धवट. अर्धवट लिंपलेल्या बिळापाशी मी बराच वेळ बसलो. त्यालाही ठरवता येत नसावं. मला त्याची दया आली, आणि मग माझी.

माझ्यापाशी नोंदी होत्या, रीत होती, तुझी खूण होती. एकही चालेना. तू असतीस तर आपण भांडलो असतो आणि भांडणातून काहीतरी निघालं असतं. एकट्याने भांडता येत नाही, हे मला या वयात कळलं. मी मोठ्याने म्हणून पाहिलं, "आज बुजवतो." कोणी नको म्हणालं नाही. "बरं, नाही बुजवत." त्यालाही कोणी हरकत घेतली नाही.

शेवटी मी जे केलं ते तुला पटलं असतं की नाही, ठाऊक नाही. घरी आलो, फळी शोधायला लागलो. विचार एवढाच होता, की खांड पूर्ण बुजवायचीच कशाला? खालून अर्धी अडवली तर तेवढं पाणी थांबेल आणि वर चढलेलं फळीवरून निघून जाईल. पंचवीस वर्षं आपण कधी बुजवायची यावर भांडलो. किती बुजवायची, हा प्रश्न दोघांपैकी एकाच्याही मनात आला नाही. मोजमापाचं काम करणाऱ्या माणसाच्या मनातसुद्धा नाही.

माळ्यावर फळ्या होत्या, पण एक आखूड, एक किडलेली. मग तुझा पाट काढला, जेवायला बसायचीस तो. खांडीची रुंदी मी मोजून आणली होती. पाट थोडासा जास्त भरला, बांधात दोन्ही बाजूंनी रुतवायला तेवढा हवाच होता. घरात दुसरं काही मिळालंच नसतं असं नाही, वखारीतून फळी आणता आली असती. पण रुंदी बरोबर होती. आडवा लावला, दगड टेकवले, चिखल लिंपला. पाणी पाटाच्या कडेपर्यंत चढलं आणि वरून पातळ पडद्यासारखं सांडू लागलं. दिनेश संध्याकाळी आला, जेवताना बघितलं की भिंतीला एकच पाट टेकलेला आहे. माझा पाट त्यानेच उचलून ठेवला आणि आम्ही दोघं सतरंजीवर बसलो.

पुढे दिवस कोरडे गेले. पाणी उतरत गेलं, काळ्या दगडाचं पोट उघडं पडलं, तसा मी मनातून मुरमाची तयारी करायला लागलो. भात कापलं, रचून ठेवलं, आणि दिवाळी होऊन गेल्यावर समुद्राकडून वादळाचा पाऊस आला. त्या दिवसांत पाऊस मोजायला मी भांड्याजवळ उभा राहीन असं कधी वाटलं नव्हतं. रचलेलं भात वरून भिजलं, काही वाया गेलं, लोकांचं आपल्याहून जास्त गेलं. पाणथळ मात्र भरली. पाटावरून पाणी धो धो जात होतं, बांध शाबूत राहिला, आणि पाऊस थांबल्यावर पाटाच्या उंचीएवढं पाणी मागे थांबलं.

मार्गशीर्ष लागला तेव्हा दिनेश माझ्याबरोबर बांधावर आला.

"हे वादळाचं पाणी हाय बाबा. तुमच्या पाटाचं नाय."

"आलं वादळाचं. थांबलं पाटाचं."

"दरवर्षी काय वादळ येणार हाय?"

"सांगता येत नाय. तेच तर झालंय आता."

मग खाली उतरून पाटाच्या एका बाजूचा निसटलेला दगड त्याने पायाने नीट दाबला. "पाट कुजेल," म्हणाला. "पुढच्या साली पत्र्याचं दार करून आणतो. वर-खाली करता येईल असं." मुरमाचं नाव काढलं नाही.

एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही. दोन्ही बाजू सांगायची मला सवय आहे, म्हणून हेही लिहितो: पाणथळ वाचली असं मी म्हणत नाही, यंदा राहिली एवढंच. पाणकोंबड्यांची एक जोडी आहे, पूर्वी जास्त असायच्या. नाळ एका कोपऱ्यात धरून आहे, ताटभरही नाही, म्हणून तोडली नाही. मुठ्यांबद्दल काही सांगण्यासारखं नाही. अर्धवट बीळ पावसात वाहून गेलं.

ओल चांगली होती, म्हणून कडेने वाल टाकले. उगवलेत. पुढे ऊन, धुकं, कीड काय येईल ते येईल, पण धरले तर माघात शेंगा वाळतील. भिजत घालीन, मोड आणीन. यंदा घटस्थापना चुकली, मुठे चुकले, तू सांगणार होतीस ते राहून गेलं. पैज कोण हरलं, हे काही केल्या ठरत नाही. तेव्हा दोघांच्याही वाटचे मीच सोलीन. ढीग छोटा झाला तर हसू नकोस.